उणे एकतीस, आणि बर्फ नाही

बाहेर उणे एकतीस.
खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ धरलाय.
तळ्यावर लोक ट्रक उभे करून मासे पकडताहेत
आणि मी फोनवर सांगतेय
की आमच्या फ्रिजमध्ये बर्फ होत नाही.
पलीकडची मुलगी हसली नाही. हसायला हवं होतं तिनं.

सेंट क्लाउडहून लीबान आला,
पाऊण तास गाडी हाकत.
भिवया पांढऱ्या, दाढीच्या टोकाला एक थेंब गोठलेला.
बुटांवर निळ्या पिशव्या चढवत म्हणाला,
नक्की काय होतंय?
म्हटलं, काहीच होत नाही, तीच तर तक्रार.
दारातल्या नळाला पेला लावला की नुसता घोंघों करतो,
व्हर्लिनला भांडी घासायला सांगितल्यावर तो करायचा तसा.

त्यानं आधी फिल्टर काढला.
त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख, माझ्याच अक्षरात.
मी दुसरीकडे पाहिलं.
फिल्टरच्या जागी बूच बसवलं. पेला कोरडा.
बर्फाच्या यंत्राची तार वर अडकलीय का पाहिलं.
नाही, खालीच होती.
मग मला दार उघडं ठेवून
चौकटीतलं बटण अंगठ्यानं दाबून धरायला लावलं,
म्हणजे फ्रिजला वाटावं, दार लागलंय.
(एवढी महागडी वस्तू, आणि इतकी सहज फसते!)
आणि स्वतः मागे जाऊन व्हॉल्व्हला कान लावला.
"टक् म्हणतोय," तो म्हणाला.
"म्हणजे हा बिचारा तयार आहे.
याच्यापर्यंत पाणीच येत नाही."

मग अवघडून विचारलंच त्यानं,
एवढ्या थंडीत बर्फ कशाला?

मी आतल्या खोलीकडे बोट केलं.
व्हर्लिनला दिवसाला चार कप.
सूप, कॉफी, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं धरून.
सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मशीन त्याचं रक्त धुतं,
उरलेले दिवस तो घड्याळाकडे बघतो.
पाणी एका घोटात संपतं. बर्फ पुरवता येतो.
ट्रेमधले चौकोनी तुकडे गालात मावत नाहीत.
अंगणातला बर्फ आणून दिला तर म्हणाला,
याला तुझ्या शाळेच्या बसचा वास येतो,
नक्की निवृत्त झालीस ना?
त्याला यंत्रातलीच चंद्रकोर हवी.
सकाळी मी आठ मोजून देते.

लीबान जरा वेळ स्क्रूड्रायव्हर नुसता फिरवत राहिला.
"रमझानात माझी आई," म्हणाला,
"सूर्य मावळायच्या आधी पेला भरून समोर ठेवते.
पीत नाही. नुसती त्याच्यासमोर बसते."

तळघरात उतरलो.
पेन्सिलीएवढी तांब्याची नळी, उत्तरेच्या भिंतीला धरून गेलेली.
टोबीनं टीव्हीची केबल ओढायला जिथे भिंत फोडली होती,
तिथला गुलाबी कापूस उंदरांनी कधीच नेलेला.
त्या वीतभर जागेत पाणी
दगड होऊन बसलं होतं.
म्हणजे बर्फ होता की घरात!
बर्फच बर्फाच्या वाटेत आडवा पडलेला.
तळं उशाशी, कोरड घशाशी.

माझा केस वाळवायचा ड्रायर आणला, जांभळा.
सावकाश, तो म्हणाला, घाई केली तर नळी फुटते.
त्याचा हात भरून आला की मी धरायचा,
माझा भरून आला की त्यानं.
बावीस मिनिटं.
मग भिंतीच्या आत कोणीतरी खाकरलं.
वर बादलीत आधी नुसती हवा आली,
मग तपकिरी पाणी,
मग पाणी.

एकशे चाळीस डॉलर, फिल्टर वेगळा.
मी घासाघीस केली, त्यानं दहा सोडले.
जाताना म्हणाला, पहिली खेप टाकून द्या, पिऊ नका.

रात्री तीनला स्वयंपाकघरात खडखडाट.
मी दचकून उठले, चोर वाटला.
अंधारातून व्हर्लिन, अगदी टक्क जागा:
"पहिली खेप ना? ऐकलंय मी. टाकायची."
जरा थांबून,
"एक ठेव."